तुम्ही विचारलंत म्हणून: डिझायनरला सुचतं कुठून?

माणूस एखाद्या वस्तूशी जिथे रोज झटापट करतो, तिथून. नागपुरात हे बघायला उन्हाळ्यातला कूलर पुरेसा आहे.

आधी तो चालतो कसा ते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असली, तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण 23 दाखवतो. पाणी सुकताना उष्णता खेचून घेतं म्हणून. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच कूलरची कमाई. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या, वुडवूल (लाकडाची बारीक कात्रणं) भरलेल्या जाळीच्या चौकटी, नीट भिजलेल्या असतील तर त्यातलं 80 टक्के पदरात पडतं, म्हणजे झोत 27-28 अंशांचा. जुलैत 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि अंग चिकट करतो.

आता बिघाड बघा, कारण खरं शिक्षण तिथेच मिळतं. वुडवूल भिजून भिजून खाली बसतं. वरची चार बोटं जाळी उघडी पडते, हवा सोपी वाट धरते आणि तिथूनच झळ आत येते. बोअरच्या पाण्यातला क्षार ताटीवर पाणी सोडणाऱ्या पाइपाच्या भोकांत साचतो. एक भोक बुजलं की त्याखाली ताटीवर कोरडा पट्टा. घरोघरी लोक सुईने भोकं मोकळी करतात आणि वरच्या फटीत वुडवूलची मूठ कोंबतात. फार दाबलं तर हवा अडते, झोत मरतो. त्या मुठीकडे नीट पाहिलं की उपाय दिसतो: ताटीला दोन आडव्या पट्ट्या मारून तीन कप्पे करायचे. मग वुडवूल बसलं तरी प्रत्येक कप्प्यात थोडंसंच बसतं. मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या हनीकोंब पॅडने हा प्रश्न मिटवला खरा, पण क्षाराने त्याच्याही वाटा बुजतात, आणि वाळ्याच्या ताट्यांचा वास गेला ही मला मोठीच हानी वाटते.

घरालाही कूलरच्या कलाने वागावं लागतं. समोरची खिडकी किलकिली नसेल तर ओली हवा खोलीतच कोंडते. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 1200 घनफूट. दोन मिनिटांत हवा बदलायची तर मिनिटाला 600 घनफूट झोत पुरतो. पलंग कुठे ठेवायचा, हेसुद्धा मग तो झोतच ठरवतो.

सगळ्यात निष्काळजी आराखडा दिसतो तो टाकीचा. पाणी भरणारा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी असतो आणि समोर पत्र्याची बॉडी. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेली अर्थिंग आणि भरण्याआधी प्लग काढणं, यात तडजोड नाही. स्विच टाकीच्या तोंडापासून दूर, वरच्या कोपऱ्यात हवा. पाणी काढायचं बूच तळापासून वर बसवलेलं असलं की दोन बोटं पाणी आत राहतं, आणि डेंगीच्या डासाला तेवढं पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून टाकी दर आठवड्याला कोरडी करायची. बूच अगदी तळाशी आणि तळाला त्याच्याकडे उतार दिला, की हे काम टळत नाही. अंडी मात्र कडांना चिकटून कोरडीही तग धरतात. ती ब्रशने घासावी लागतात, आणि त्यासाठी हात कोपऱ्यांपर्यंत पोहोचेल एवढं टाकीचं तोंड रुंद हवं.