हसू आलं नाही त्याचं काय

हसू आलं नाही. झालंय एवढंच, आणि तेवढ्यावरून संध्याकाळपासून चैन नाही.

चॉकलेट कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याचा प्रवेश. ‘आय लव्ह लूसी’ या १९५०च्या दशकातल्या अमेरिकी विनोदी मालिकेचा ‘जॉब स्विचिंग’ हा भाग, त्यातला. धाकट्याने क्लिप पाठवली, तिच्यातून कुणीतरी प्रेक्षकांचा हशा पुसून टाकलाय. लूसी आहे, तिची शेजारीण एथेल आहे, पट्टा सरकतोय, चॉकलेटं येताहेत, टोपीत जाताहेत, तोंडात कोंबली जाताहेत आणि मागे शुकशुकाट. पूर्ण बघितली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

पहिल्यांदा स्वतःचीच कीव आली. रस आटला बाई तुझा, म्हटलं. कुठला भाग कुणी लिहिला, कोणत्या भिंगाने टिपला हे घोकत बसलेल्या माणसाला हसू यायचं कुठून? आईला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ती फ्रेड, म्हणजे एथेलचा नवरा, नुसता दारात आला तरी... जाऊ दे.

दुसरा विचार त्याहून वाईट. इतकी वर्षं हसत होतं कोण? मी, की चित्रीकरणाला समोर बसलेले ते तीनशे लोक? मी नुसती त्यांच्या हशात हशा मिसळत होते का?

ते तीनशे खरे होते, एवढं तरी पक्कं आहे. डब्यातला, म्हणजे आधी मुद्रित करून वरून घातलेला, हशा नव्हता तो. सीबीएस या अमेरिकी टीव्ही कंपनीचा ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लसचं यंत्र पुढे गाजलं. त्यात हशांच्या फिती होत्या, टंकलेखन यंत्रासारख्या कळा होत्या, हशा किती लांबवायचा ते ठरवायला पायाखाली पेडल होतं आणि वर कुलूपही होतं. ‘आय लव्ह लूसी’चं काम मात्र पहिल्यापासून माणसांवर चाललं. हॉलिवूडमधल्या जनरल सर्व्हिस स्टुडिओत पायऱ्यापायऱ्यांची बैठक, डोक्यावर टांगलेले मायक्रोफोन. चित्रीकरणाआधी देसी अर्नाझ, लूसी झालेल्या लूसिल बॉलचा खऱ्या आयुष्यातला आणि मालिकेतलाही नवरा, स्वतः पुढे येऊन गप्पाविनोद करायचा, मंडळींची ओळख करून द्यायचा. थंड प्रेक्षकांसमोर पहिला प्रवेश लावला की तो पडतो आणि त्यामागचा दुसराही डळमळतो, हे रंगभूमीवरच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मुळात हा सगळा खटाटोप अंतराचा. प्रायोजक तंबाखू कंपनीला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट हवा होता, कारण बहुसंख्य टीव्ही संच पूर्वेकडे होते आणि हॉलिवूडहून थेट केलेल्या कार्यक्रमाची पडद्यावरून उतरवून घेतलेली धुरकट प्रत तिकडे पाठवणं त्यांना मान्य नव्हतं. लूसिल आणि देसीला घर सोडायचं नव्हतं. तोड निघाली ती ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करायची. खर्च वाढला, दोघांनी आठवड्याला हजार डॉलर कमी घेतले आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. मागणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना, दोघांनाही तेव्हा तिची किंमत कळली होती असं मला वाटत नाही.

कॅमेरे तीन, एकाच वेळी चालणारे. कार्ल फ्रॉइंडने बसवलेली घडी. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचा हा छायाचित्रकार! मधल्या कॅमेऱ्याला रुंद भिंग, कडेच्या दोघांना तीन-चार इंची भिंगं जवळच्या चेहऱ्यांसाठी. दिवे जवळजवळ सगळे वर टांगलेले, कारण जमिनीवर दिवा ठेवला की एका तरी कॅमेऱ्याच्या वाटेत तो येणारच. प्रकाश सपाट ठेवलेला, म्हणजे एका भिंगासाठी सुंदर पडलेली सावली दुसऱ्या भिंगात नाकाखाली मिशी काढणार नाही. सेट करड्या छटांमध्ये रंगवलेले, कारण तेव्हाच्या टीव्ही संचावर लख्ख पांढरं फुटायचं.

तीन कॅमेरे कशाला, याचं उत्तर हशातच आहे. एका कॅमेऱ्याने घेतलं तर तोच विनोद तीन कोनांतून तीनदा करावा लागतो. दुसऱ्या वेळी प्रेक्षकांना तो ठाऊक असतो, तिसऱ्या वेळी ते उपकार म्हणून हसतात. सेकंदाला २४ चौकटी, फुटात १६, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म आणि हजार फुटांचं मॅगझिन अकरा मिनिटांत रिकामं. तेही एका कॅमेऱ्याचं. पट्ट्याच्या प्रवेशात तर फिल्मपेक्षा मोठी अडचण दुसरीच. चुकलं तर दोघींची तोंडं रिकामी करा, टोप्या झटका, झग्याच्या गळ्यातून चॉकलेटं काढा, पट्ट्यावर पुन्हा माल मांडा, आणि एवढं होईपर्यंत प्रेक्षक जांभया देणार. म्हणून तालमी नीट होईपर्यंत करायच्या आणि नेम धरून एकदाच सोडायचं. नंतर संकलक डॅन कान ते संकलनाच्या यंत्रावर लावायचा. तीन चित्रं शेजारी शेजारी आणि चौथा ध्वनी. त्या यंत्राला तिथे तीन डोक्यांचा राक्षसच म्हणायचे.

आता हशा पुसण्याबद्दल. घरी पोचलेल्या प्रतीत ध्वनीची पट्टी एकच. संवाद, पट्ट्याची घरघर, पावलं, खुर्च्यांची करकर आणि हशा, सगळं त्या एकीत कालवलेलं. हशा वेगळा उचलून बाजूला ठेवता येत नाही. संगणकाला सांगावं लागतं की मानवी बोलणं तेवढं ठेव, बाकीचं खरवड. तो इमानेइतबारे खरवडतो. हशाबरोबर त्या जागेची हवाही जाते. दिवाणखाना असो, कारखाना असो, सगळ्याला एकच मेलेली शांतता. त्यात नट बोलताहेत ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून, पट्टी चढवून. सभागृह काढून घेतलं आणि आवाज मात्र सभागृहाचा राहिला.

शिवाय जागा तशाच राहतात. हशा पिकला की नट थांबतो. पूर्ण विरेपर्यंत नाही, तेवढं थांबला तर प्रवेश बसतो. हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरायला लागतो, आणि उतरणीच्या साधारण मध्यावर पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर वाक्य बुडतं, वर प्रेक्षक पुढच्या वेळी हसायला कचरतात, कारण हसलं की काहीतरी ऐकायचं राहतं हे त्यांना कळून चुकतं. या थांबण्यात नट रिकामा नसतो, चेहऱ्याने काहीतरी करत असतो. हशा पुसला की तो तीन सेकंद डोळे फिरवत उभा दिसतो आणि का ते कळत नाही. धाकट्याला हे लिहून पाठवावं असं मनात आलं. मग म्हटलं, विनोद समजावून सांगणारी बाई म्हणून आपली ख्याती आहेच, आणखी कशाला.

पण एवढ्याने समाधान होत नाही, कारण पट्ट्याच्या प्रवेशाला हे लागूच पडत नाही. पट्टा थांबत नाही. नटीला हशासाठी वाक्य अडवून धरता येतं, यंत्राला नाही. म्हणून त्या प्रवेशात बोलणं जवळजवळ ठेवलेलंच नाही. सुरुवातीला मुकादमीण, म्हणजे एल्व्हिया ऑलमन, नियम सांगते : एक जरी चॉकलेट न गुंडाळता पुढच्या खोलीत गेलं तर दोघी कामावरून कमी. नियम खणखणीत, एकदाच, हशा नसलेल्या जागी. त्यानंतर लूसीचं, आपण ही लढाई हरतोय अशा अर्थाचं एक वाक्य येतं आणि मग तोंडं भरतात. पुढे मुकादमीण परत येते तेव्हा दोघी बोलत नाहीत, कारण बोलताच येत नाही. हशाला लागणारी जागा मिळाली आणि ती जागा का आहे याचं कारण गालात भरलेलं दिसतंय. यात अभिनय आहेच, पण त्याआधी लेखन आहे. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू, बॉब कॅरल ज्युनियर. अंगविक्षेपांच्या सूचना हे लोक संहितेत मोठ्या अक्षरांत, हालचालीमागून हालचाल टंकून द्यायचे. त्या मजकुराला त्यांच्यात ‘काळा मजकूर’ म्हणत. पुष्कळशा करामती प्यू आधी स्वतः करून बघायची, बाईमाणसाला हे खरंच जमतं का म्हणून.

गणित घालून बघितलं. सराईत हाताला एक चॉकलेट गुंडाळायला तीन सेकंद धरली तर दोघी मिळून मिनिटाला चाळीस. पट्ट्याने साठ आणली तर मिनिटाला वीस लपवायची. तोंडात तीन-चार, टोपीत दहाएक, बाकी गळ्यातून आत. म्हणजे वेग कितीही असो, लपवायच्या जागा संपल्या की प्रवेश संपायलाच हवा, त्यापुढे नुसता पसारा. आणि नेमक्या त्या जागा भरत आल्या असताना बाई खूश होऊन वेग वाढवायला सांगते. तिला पट्ट्यावर एकही चॉकलेट दिसत नाही ना! शाबासकी हीच शिक्षा. याला प्रेक्षक कशाला हवेत?

तरी हसू आलं नाही, हे उरतंच.

पूर्ण भाग लावला मग. हशासकट. चॉकलेट बुडवायचा प्रवेश आला आणि हसले. हसले म्हणजे आवाज करून. लूसीशेजारची ती दगडी चेहऱ्याची बाई, अमांडा मिलिगन, नटी नव्हती. चॉकलेट बुडवणं हाच तिचा धंदा. संगमरवरावर वितळलेलं चॉकलेट हातानेच फिरवायचं, त्यात गाभा टाकायचा, लपेटायचा, उचलून ठेवायचा आणि बोटाला लोंबणाऱ्या तारेने माथ्यावर खूण काढायची. आत काय आहे ते त्या खुणेवरून ओळखतात. डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर चकाकी जाते आणि पांढुरके डाग येतात. ज्याला हे येतं त्याला इकडेतिकडे बघायला सवड नसते. तिने विनोद करायचा प्रयत्नच केला नाही, म्हणून लूसीची नक्कल एवढी उठते. माशीच्या निमित्ताने लूसी तिला थोबाडते आणि ती उलट लगावते. तालमीत बाई हात उचलायला तयार नव्हती आणि प्रत्यक्षात मात्र सणसणीत बसली, असं लूसिल बॉल नंतर सांगायची. त्या थपडेवर जो हशा आहे तो चढत नाही, एकदम फुटतो. त्यात दचकणंही आहे. तीनशे माणसं दचकली आणि मीही त्यांच्याबरोबर दचकले. शेवट पाठ असलेल्या माणसाला दचकवायचं तर दुसरं कुणीतरी आधी दचकावं लागतं.

तर उत्तर बहुधा असं, की हसत मीच होते, पण एकटी नव्हते. यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते आता सापडत नाहीये. नाटकाला जाऊन कोण एकटं हसतं?

उलट बाजूही आहेच म्हणा. ‘मॅश’ घ्या, युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची विनोदी मालिका. १९७२ला सुरू झाली तेव्हा हशा हवाच असा सीबीएसचा आग्रह. करणाऱ्यांनी निदान शस्त्रक्रियेच्या खोलीत तरी हशा नको एवढं पदरात पाडून घेतलं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हशाशिवाय दाखवली आणि तिचं काही बिघडलं नाही. पण ती एका कॅमेऱ्याने, समोर कुणी नसताना केलेली. तिच्यात थांबे कुणासाठी राखलेलेच नव्हते. घातला तो हशा वरून घातलेला, मग काढला तरी मागे भोक पडत नाही. ‘लूसी’तला हशा हा पाचवा कलाकार, आणि कलाकार कापला की भोक पडणारच. क्लिप करणाऱ्याने मोठा शोध लावल्याच्या थाटात खाली लिहिलंय, ‘आता कळलं यात विनोद नव्हताच’. बरं बाबा.

एक सांगायचं राहिलं. या भागात बायका कामाला जातात आणि नवरे घर सांभाळतात. त्याचा दुसरा अर्धा, रिकी (लूसीचा नवरा, म्हणजे देसी) आणि फ्रेडचं स्वयंपाकघर, कुणी कापून पाठवत नाही. सगळं कौतुक पट्ट्याला. विल्यम ॲशरचा दिग्दर्शक म्हणून या मालिकेतला हा पहिलाच भाग, १५ सप्टेंबर १९५२ला दाखवलेला, आणि पहिल्याच खेपेला त्याच्या वाट्याला फुगणारा भात, प्रेशर कुकरचा स्फोट आणि छताला चिकटलेली कोंबडी आली. रिकी माणशी एक पौंड तांदूळ धरतो. चौघांचे चार पौंड, म्हणजे एक किलो आठशे. माणशी शंभर ग्रॅमही पुष्कळ होतात. शिजून तांदूळ वजनाने जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे साडेपाच किलोच्या आत-बाहेर भात, आणि भांडं हे साधं घरगुती. पट्ट्यासारखंच हेही थांबवता येत नाही. फरक इतकाच, की पट्टा वेग वाढवतो म्हणून भीती वाटते आणि भात आपला सावकाश, कुणाला न विचारता वर येत राहतो. झाकण उचललं जातं, फ्रेड त्याच्याकडे बघतो. फ्रेड झालेल्या विल्यम फ्रॉलीचा तो चेहरा मी रात्री अकराला आवाज बंद करून बघत होते, घरात निजानीज झाली होती म्हणून. इतकी हसले की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.