कठड्यावरचा कावळा

सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसले की एक कावळा कठड्यावर येतो. बिस्किटासाठी येतो म्हणावं, तर बिस्किट खाऊनही हलत नाही. मान तिरकी करून आधी एका डोळ्याने बघतो, मग दुसऱ्या. स्थळ बघायला आलेल्या आत्याबाईंसारखा.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेनलाही मुंबईच्या कावळ्यांनी असंच न्याहाळलं होतं. १८९६च्या जानेवारीत तो वॉटसन्स हॉटेलात उतरला होता. कठड्यावर कावळे जमत आणि आपले कपडे, केस, रंग, धंदा, राजकारण यांवर चर्चा करत, असं त्याने ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात लिहिलंय. हा इथे आला कसा, आणि अजून फासावर कसा गेला नाही, इथपर्यंत त्यांची मजल गेली म्हणे!

यातला ‘आला कसा’ हा प्रश्न मात्र वर्मी लागणारा होता. मिसिसिपीवर आगबोटी हाकलेला, ‘हकलबरी फिन’ लिहिलेला हा माणूस साठीला टेकल्यावर दिवाळखोर म्हणून जगभर व्याख्यानं देत हिंडत होता. छापखान्याचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, आपोआप जुळवणाऱ्या एका यंत्रात त्याने वर्षानुवर्षं पैसा ओतला होता. अठरा हजार सुटे भाग, आणि बिघडायला त्यातला एक पुरे. (खिळे जुळवण्याचं काम त्याने लहानपणी स्वतः केलं होतं, त्यामुळे मोह पडला असणार.) त्यात १८९४मध्ये त्याची प्रकाशन संस्थाही बुडाली. कायद्याने थोडक्यात सुटता आलं असतं, पण त्याने पै न् पै फेडायचं ठरवलं. आणि १८९८पर्यंत फेडलंही.

कावळ्याच्या पूर्वजन्मांची त्याने दिलेली यादी भन्नाट आहे. जुगारी, चोर, खोटारडा, चहाडखोर, वकील. आणि त्यातच ‘व्याख्याता’! स्वतःला त्याने बेमालूम आत सरकवलंय. शेवटी म्हणतो, इतकी पापं करूनही या पक्ष्याला काळजी, दुःख, पश्चात्ताप कशाचीच ओळख नाही.

ते वाचून मी खूप हसले होते. तारखा नंतर लक्षात आल्या. दौरा संपवून तो इंग्लंडला पोचला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याची थोरली मुलगी सूझी अमेरिकेत मेंदूज्वराने गेली, वय चोवीस. बाप समुद्रापलीकडे. त्यानंतर लंडनमध्ये, फारसं कुणाला न भेटता, त्याने हे पुस्तक लिहिलं, कावळ्यासकट.