जेट की स्टर्नड्राइव्ह: होपॅटकाँग तलावावरची एक तपासणी

वापरलेली बोट घेण्याआधी ती तपासून देणं हे माझं काम. न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब दोन बोटींपाशी येऊन अडलं होतं. घरात नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि मुलगी, आणि उन्हाळ्यात महाराष्ट्रातून येणारे आजी-आजोबा. दोन्ही बोटी एकवीस फुटी, पुढच्या टोकाला बसायला जागा असलेल्या, वयानं आणि किमतीनं जवळपास सारख्या. एकीत दोन इंजिनं आणि दोन जेट पंप, म्हणजे तळातून पाणी ओढून मागे जोरानं फेकणारे. दुसरीत एकच व्ही-सिक्स इंजिन आणि मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि गिअर व पंखा मागच्या भिंतीबाहेर. दोन्ही बोटी होपॅटकाँग तलावावरच होत्या, म्हणून जूनअखेरच्या एका शनिवारी दोन्हींची तपासणी ठरवली. त्या एका दिवसात दोन्ही बोटींनी आपापल्या जातीचा दोष दाखवला. असा योग क्वचितच येतो.

आधी तलावाबद्दल, कारण निम्मा निर्णय तिथेच आहे. होपॅटकाँग हा न्यू जर्सीतला सर्वांत मोठा तलाव, साधारण चार चौरस मैलांचा. मधला भाग खोल आणि मोकळा. पण कडेची छोटी वळणं, ज्यांना सगळे ‘कोव्ह’ म्हणतात, ती उथळ आहेत आणि उन्हाळ्यात तिथे पाणगवत माजतं. ते कापायला यंत्रं फिरतात, तरी कापलेल्या गवताचे पुंजके पृष्ठभागावर तरंगत राहतात. २०१९ च्या उन्हाळ्यात विषारी शैवालामुळे इथलं पोहणं बंद करावं लागलं होतं. शिवाय हिवाळ्याआधी धरणातून पाणी सोडून तलावाची पातळी उतरवतात. या कुटुंबानं बोट बांधायची जागा घेतली होती ती अशाच एका कोव्हच्या आतल्या टोकाला. माझ्या दृष्टीनं ही माहिती दोन्ही बोटींच्या जाहिरातींपेक्षा मोलाची होती.

जेट बोट आधी ट्रेलरवर, खालून पाहिली. जेट पंपात पाहायचं ते असं: तळाला पाणी आत घेणारी जाळी, तिच्यावर इंपेलर म्हणजे पंपातला फिरणारा पात्यांचा पंखा, इंपेलरभोवती घट्ट बसणारी वेअर रिंग, मागे पाण्याचा झोत सरळ करणारी पाती आणि शेवटी वळणारं तोंड. इंपेलरच्या पात्याचं टोक आणि रिंग यांच्यात मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. ती फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, चारही बाजूंनी मोजायची. खडे आत गेले की रिंगवर गोल चरे पडतात, पात्याच्या कडा दुमडतात, फट वाढते आणि पंपाची पकड जाते. मग इंजिनाचे फेरे वाढतात, पण बोट त्या मानानं पळत नाही. या बोटीत उजव्या पंपाच्या कडा किंचित खरवडलेल्या होत्या, रिंग ठीक होती. सिलिंडरांचा दाब एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. कागदावर चांगली बोट.

पाण्यात उतरवल्यावर मोकळ्या भागात ती छान पळाली. थ्रॉटल दिला की लगेच उसळते, वळणात चिकटून जाते, मुलं खूश. आवाज मात्र मोठा. ही इंजिनं पूर्ण वेगाला मिनिटाला सात हजारांच्या वर फिरतात. स्टर्नड्राइव्हचं इंजिन पाच हजारांच्या आसपास थांबतं. दिवसभर बोटीवर बसणाऱ्या आजी-आजोबांना हा फरक जाणवतो, म्हणून तो अहवालात लिहिला.

मग मी बोट त्यांच्या कोव्हमध्ये न्यायला सांगितली. धक्क्यापासून दीडशे फुटांवर डावं इंजिन थरथरलं, फेरे वर गेले आणि बोट जागीच रेंगाळली. पाठोपाठ उजवंही. दोन इंजिनं असली की एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर हळूहळू परतता येतं, हा एरवी या बोटींचा मोठा गुण आहे. पण गवताला दोन्ही जाळ्या सारख्याच.

मालकानं सवयीनं रिव्हर्स टाकला. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. जेटमध्ये रिव्हर्सला इंपेलर उलटा फिरत नाही. मागच्या तोंडावर एक बकेट खाली येते आणि तोच झोत पुढच्या दिशेला वळवते. पंप गवत आतच ओढत राहतो. पंख्याच्या बोटीत रिव्हर्स टाकला की पंखा खरोखर उलटा फिरतो आणि गुंडाळलेलं गवत बहुतेक वेळा स्वतःच उलगडतं. या दोन यंत्रांमधला हा फरक विक्रेते सांगताना मी फारसे ऐकलेले नाहीत, आणि अशा तलावावर तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा.

दोन्ही इंजिनं बंद करून नांगर टाकला. मागच्या फळीखाली पंपापर्यंत हात घालता येईल अशी झाकणं होती, ती उघडून हाताने गवत काढलं. दहा-बारा मिनिटांचं काम, हत्यार लागत नाही. ही सोय असलेली जेट बोटच घ्यावी. ज्या बोटीला ती नाही, तिच्यात पाण्यात उतरून तळाखाली जावं लागतं. मात्र किल्ली खिशात आणि सुरक्षेची दोरी (जी काढली की इंजिन सुरू होत नाही) काढलेली असल्याशिवाय त्या झाकणाला हात लावायचा नाही. आणखी एक धोका असतो. जेट बोटीच्या इंजिनाला थंड करणारं पाणी पंपातूनच मिळतं. पंप गवतानं बुजला तर इंजिन तापतं. थरथर जाणवल्यावर ‘जोर लावून बाहेर काढू’ म्हणून थ्रॉटल दाबणारे लोक इंजिन खराब करून घेतात.

जेट उथळ पाण्यासाठी चांगली असते, हे गृहस्थांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंच आहे. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेट बोट घडवली ती कँटरबरीतल्या उथळ, वेगवान, गोट्यांच्या नद्यांसाठी. तिथे पंखा टिकत नव्हता. पण त्या नद्या वाहत्या आहेत, त्यांत साचलेलं पाणगवत नाही. शिवाय उथळ पाण्यावरून वेगात निघून जाणं वेगळं आणि उथळ पाण्यात इंजिन सुरू करणं वेगळं. जागेवर सुरू केलं की पंप तळातली वाळू-खडे वर खेचतो, म्हणून तळाखाली निदान तीन फूट पाणी असल्याशिवाय जेट सुरू करू नये. उजव्या पंपाच्या खरवडलेल्या कडा त्यातूनच आल्या असणार.

जाता जाता हळू वेगातलं वागणंही पाहून घेतलं. धक्क्यांजवळ बोट लाटा न उठवता न्यावी लागते आणि हा कोव्ह लांब आहे. त्या वेगात जेटचा झोत मंद असतो, खाली पाणी धरायला काही नसतं, त्यामुळे नाक डावीकडे-उजवीकडे भटकत राहतं. वारा आडवा असला की जास्तच. थ्रॉटल पूर्ण सोडला तर सुकाणू जवळजवळ निकामी होतं, कारण वळवायला झोतच नसतो. समोर अडथळा दिसल्यावर माणूस आपसूक थ्रॉटल सोडतो आणि बोट सरळ त्यावरच जाते. नव्या बोटींत तळाला वळणारी छोटी पाती देऊन हे बरंच सुधारलंय, या बोटीत ती नव्हती. सवय होते, पण ती व्हायला उन्हाळ्यातला बराच वेळ जातो.

आता स्टर्नड्राइव्ह. ती रात्रभर ट्रेलरवर उभी ठेवायला मी आधीच सांगितलं होतं. कारण साधं आहे: गिअरच्या तेलात पाणी शिरलं असेल तर रात्रीतून ते तळाला बसतं. सकाळी खालचा प्लग सैल केला की आधी काय येतं ते पाहायचं. आधी चमचाभर पाणी आलं, मग दुधाळ तेल. प्लगच्या चुंबकावर बारीक लोखंडी पीठ होतं, तुकडे नव्हते. म्हणजे पाणी शिरतंय, पण गिअर अजून शाबूत असावेत.

पंखा काढला. पंख्यामागे शाफ्टवर मासेमारीची नायलॉनची तार गुंडाळलेली, घट्ट, जवळजवळ वितळून चिकटलेली. ही तार फिरत फिरत तेलाची सील कापते. बाहेरून काहीच दिसत नाही, बोट नेहमीसारखी पळते, आवाजही बदलत नाही. त्या मालकालाही याची कल्पना नव्हती. म्हणून दर हंगामात निदान एकदा पंखा काढून शाफ्ट पाहावा, एरवी वीस मिनिटांचं काम आहे. तेवढं न केल्यामुळे इथे सील बदलणं, हवेचा दाब देऊन सगळं हवाबंद आहे का ते तपासणं आणि कदाचित बेअरिंगं, इतका खर्च उभा राहिला.

पुढचं तपासणं बेलोजचं. हे अकॉर्डियनच्या भात्यासारखे रबरी नळे मागच्या भिंतीपाशी असतात. ड्राइव्ह वर-खाली, डावी-उजवी हलते तरी पाणी आत येऊ नये म्हणून. मुख्य बेलोज फाटला की पाणी आधी जोडाच्या क्रॉस बेअरिंगांत आणि इंजिनाकडून येणारा शाफ्ट पेलणाऱ्या गिंबल बेअरिंगमध्ये जातं, आणि दुर्लक्ष झालं तर बोटीत. धक्क्याला बांधलेल्या बोटी अशाच बुडतात. ड्राइव्ह पूर्ण एका बाजूला वळवून, घड्या ताणून, टॉर्चनं प्रत्येक घडीच्या तळाशी पाहिलं. केसासारख्या भेगा होत्या, आरपार नव्हत्या. बदलायलाच हवा. ड्राइव्ह काढावीच लागणार, तेव्हा गिंबल बेअरिंग, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर आणि ड्राइव्हऐवजी स्वतः गंजून झिजलेले अ‍ॅनोड त्याच फेरीत बदलून घ्यावेत.

मालकाच्या संमतीनं, पूर्ण वेग न देता, ती बोटही थोडा वेळ त्याच कोव्हमध्ये नेली. गवत पंख्यात गुंडाळलं गेलं, बोट जड झाली. न्यूट्रल, मग दोन सेकंद रिव्हर्स, पुन्हा फॉरवर्ड. सुटलं. दुसऱ्यांदा ड्राइव्ह थोडी वर उचलावी लागली. तापमानाचा काटा मात्र सतत पाहत होतो, कारण हिचंही थंड करणारं पाणी ड्राइव्हच्या खालच्या भागातल्या खाचांतून येतं आणि त्या गवतानं झाकल्या जाऊ शकतात. कोव्हमधून हळू जाताना ती सरळ चालली. पाण्यात उतरलेली ड्राइव्ह तिथे सुकाणूचं काम करते. पण तीच ड्राइव्ह तीन फुटांच्या आसपास खोल जाते, त्यामुळे सप्टेंबरनंतर पातळी उतरू लागली की त्यांच्या धक्क्यापाशी ड्राइव्ह वर करूनच हलावं लागेल.

धक्क्यावर परतल्यावर वहिनींनी प्रश्न विचारला. दिवसातला सर्वांत योग्य प्रश्न तोच होता. “मुलं मागच्या फळीवरूनच उड्या मारणार. मग खाली पंखा असलेली बोट कशी चालेल?”

जेट घेणारे बरेच पालक याच कारणानं घेतात, आणि कारण खरं आहे: बाहेर उघडं पातं नाही. पण त्यामुळे निर्धास्त होणं धोक्याचं आहे. पंख्याच्या बोटीत न्यूट्रलला पंखा थांबतो. बहुतेक जेट बोटींत इंजिन चालू आहे तोवर इंपेलर फिरतोच, न्यूट्रलला फक्त बकेट मध्यावर असते. जाळीतून पाणी खेचणं चालू राहतं. मोकळे केस, लाइफ जॅकेटचा लोंबता पट्टा, ट्यूब ओढायची दोरी, काहीही आत जातं. मागच्या झोतासमोर पडलेल्या माणसाच्या शरीरात पाणी जोरानं शिरून आतडी फाटल्याच्या दुखापती झालेल्या आहेत. आणि दोन्ही बोटींचा धूर मागेच सुटतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड फळीवर बसलेल्या मुलाला ग्लानी आणतो.

म्हणून मी त्यांना सांगितलं, “नियम बोटीप्रमाणे बदलत नाही, वहिनी. पाण्यात कोणीही असेल तर इंजिन पूर्ण बंद, किल्ली तुमच्या हातात, मगच शिडी खाली.” स्टर्नड्राइव्हच्या बाबतीत एक भर: शिडी ड्राइव्हपासून लांबच्या बाजूला असावी, कारण थांबलेल्या पात्याची कडही पाय कापते. आणि दोरी सोडून लाटेवर फळी चालवण्याचा खेळ नेहमीच्या स्टर्नड्राइव्हमागे कधीही खेळू नये. त्यासाठी पंखा पुढच्या बाजूला तोंड करून बोटीखाली बसवलेल्या खास ड्राइव्ह मिळतात. लांब दोरीनं ट्यूब ओढायला दोन्ही चालतात.

गृहस्थांनी आउटबोर्डचंही, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या इंजिनाचंही विचारलं. देखभालीच्या दृष्टीनं तो आज सर्वांत सोपा पर्याय आहे, बेलोज नाही की आतलं इंजिन नाही. पण मागची मोठी मोकळी फळी जाते, आणि यांना तीच हवी होती.

अहवालात लिहिलं ते असं. बोट या कोव्हमध्ये बांधणार असाल तर स्टर्नड्राइव्ह. पण हीच बोट घ्यायची तर सील, दाबाची तपासणी, बेलोज, गिंबल बेअरिंग, पंपाचा इंपेलर आणि अ‍ॅनोड हे सगळं विकणाऱ्याच्या खर्चानं, आणि त्यानंतर थोडी चालवून तेल पुन्हा पाहून. चुंबकावर तुकडे दिसले तर सौदा सोडायचा. बोट ट्रेलरवर घरी ठेवून दर वेळी रॅम्पवरून मोकळ्या भागात उतरवणार असाल, तर जेट बोट जास्त सोयीची: ड्राइव्हच नाही, त्यामुळे गिअरचं तेल, बेलोज, इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आणणं यांतलं काहीच नाही, आणि खोली कमी लागते. त्यांनी कोव्हमधली जागा ठेवली आणि स्टर्नड्राइव्ह घेतली. दुरुस्तीत बेअरिंगं वाचली होती.

बोट सोपवताना तीन गोष्टी लिहून दिल्या. सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा, निदान चार मिनिटं, कारण पेट्रोलची वाफ आतल्या खणात साचते. जेटला हे लागत नाही असं समजू नये, तिचं इंजिनही बंद खणातच असतं. दुसरी, जमिनीवर नळीनं धुण्याचा क्रम. स्टर्नड्राइव्हला आधी पाणी, मग इंजिन, आणि बंद करताना आधी इंजिन. जेटला नेमकं उलटं: आधी इंजिन, लगेच पाणी, आणि बंद करताना आधी पाणी. चालत नसलेल्या जेट इंजिनात नळी सोडली तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. जेटवरून आलेला मित्र मदतीला असेल तर त्याला हे आधी सांगा.

तिसरी, हिवाळा. न्यू जर्सीच्या थंडीत इंजिनात उरलेलं पाणी ब्लॉक फोडतं. सगळे ड्रेन प्लग काढायचे, पाणी आलं नाही तर भोकात तार घालून गंज मोकळा करायचा, मग गुलाबी प्रोपिलीन ग्लायकोल, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, भरायचं. ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवायची, म्हणजे तिच्यातलं पाणी निथळतं आणि बेलोज ताणलेला राहत नाही. गिअरचं तेल शरद ऋतूतच बदलायचं, वसंतात नाही. त्यात पाणी असलं तर ते हिवाळ्यात गोठून गिअरचं घर तडकण्याआधी कळतं.