उभ्या फ्रेममधून निसटलेले इंद्रधनुष्य

गेल्या सप्टेंबरच्या मध्यात चाळकेवाडीच्या पठारावर काढलेल्या अकरा उभ्या फ्रेम अजून माझ्या संगणकावर आहेत. फोकस अचूक आहे, एक्स्पोजर चोख आहे, जांभ्याच्या सड्यावरची सोनकी पाकळीन् पाकळी मोजावी इतकी स्वच्छ उतरली आहे. फक्त ज्याच्यासाठी त्या काढल्या, ते इंद्रधनुष्य त्यांत नाही.

काम एका दिनदर्शिकेच्या मुखपृष्ठाचे होते आणि छायाचित्र उभेच हवे होते. साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकत दुपारी तीनला पठारावर पोहोचलो, तेव्हा पाऊस थांबून थांबून पडत होता. आमच्या धंद्यात अशा दुपारचा निम्मा वेळ छायाचित्रे काढण्यात नव्हे, तर काचा पुसण्यात जातो. पश्चिमेकडे ढग फाटून उजेड येत होता, म्हणून तीन स्टॉपचा सॉफ्ट ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे वर गडद आणि खाली हळूहळू पारदर्शक होत जाणारी, आकाशाचा उजेड आवरणारी काच, लावला. पठाराचे क्षितिज पट्टीने आखल्यासारखे सरळ असते, तेव्हा तिथे गडद भाग एका रेघेत संपणारा हार्ड फिल्टर चालावा असे वाटते. पण चाळकेवाडीत पवनचक्क्यांचे खांब ते क्षितिज छेदून वर जातात आणि हार्ड फिल्टरची रेघ खांबावर पडली की वरचा भाग काजळी धरल्यासारखा काळवंडतो. डेप्थ ऑफ फील्डचे बटण दाबून, लेन्सचे छिद्र लहान करून ती रेघ नेमकी कुठे बसते हे पाहण्याची सवय हल्ली फारशी कोणाला उरलेली नाही. ‘नंतर संगणकावर करू’ हे वाक्य मी रोज ऐकतो. ग्रॅज्युएटेडच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. ओल्या पानावरची चकाकी मात्र एकदा फ्रेममध्ये शिरली की खालचा हिरवा रंग कोणत्याही संगणकाला परत आणता येत नाही, आणि म्हणून पावसाळ्यात पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडून चकाकी कापणारी फिरती काच, माझ्या लेन्सवरून सहसा उतरत नाही.

साडेपाचनंतर पाठीमागे सूर्य मोकळा झाला आणि पूर्वेच्या काळ्याभोर ढगावर इंद्रधनुष्य उमटले. जमीन उन्हात आणि आकाश अंधारात, म्हणजे ग्रॅज्युएटेडचे कामच संपले. तो काढून खिशात टाकला. लेन्सच्या सोळा मिलिमीटरच्या रुंद कोनावर आडव्या फ्रेममध्ये सबंध कमान मावत होती. पोलरायझर हळूहळू फिरवत गेलो, तसा कमानीचा माथा उजळत जाऊन एका जागी असा काही झळकला की मी हात तिथेच थांबवला. तिचे पाय थोडे फिकटले, डबक्यांवरची चकाकी राहिली. ते चालण्यासारखे होते. पाच-सहा फ्रेम घेतल्या आणि मुखपृष्ठ आठवून कॅमेरा एल ब्रॅकेटवर, म्हणजे तो उभा बसवायच्या काटकोनी पट्टीवर, उभा केला.

पडद्यावर पाहिले तर कमान नव्हती. दोन्ही कडांना रंगाचे दोन आखूड पट्टे होते आणि मध्ये नुसता ढग होता. खालचे पठार मात्र अकस्मात इतके गर्द आणि ओलसर दिसू लागले होते की माझे लक्ष तिकडेच गेले. मी म्हणालो, ‘‘गेलं वाटतं.’’ गाडीचे चालक साताऱ्याकडचेच, माझ्या मागे छत्री धरून उभे होते. ते म्हणाले, ‘‘अवो साहेब, गेलं कुठं? हाय की समोर, लख्ख!’’ मी रेनकोटची टोपी डोळ्यांवर ओढून पडद्यावर वाकलेलो होतो. ‘‘असेल थोडं,’’ एवढेच म्हणून मी मान वर न करता अकरा फ्रेम घेतल्या. चारच मिनिटांनी कॅमेरा पुन्हा आडवा केला, तेव्हा कमान पुन्हा दिसली, आणि ढग सरकला असेल असे मी स्वतःला समजावले.

रात्री लॉजवर वेळा जुळवताना उलगडा झाला. इंद्रधनुष्याचा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि त्याची दिशा कमानीच्या वळणाबरोबर वळत जाते: माथ्याशी आडवी, पायांशी जवळजवळ उभी. आडव्या फ्रेममध्ये मी पोलरायझरची काच माथ्यासाठी लावली होती. कॅमेरा नव्वद अंशांत वळला, त्याबरोबर काचही वळली, आणि जिने माथा उजळला होता तिनेच तो पुसून टाकला. आडव्या ओल्या पृष्ठभागावरची चकाकीही आडवीच ध्रुवीभूत असते, त्यामुळे तीही त्याच फटक्यात गेली आणि पठार देखणे झाले. ग्रॅज्युएटेड असता तर कॅमेरा वळवताच काळोख एका बाजूला गेलेला दिसला असता आणि मी निमूट होल्डर फिरवला असता. पोलरायझरची काच गोल. ती कोणत्याही अंशात ठेवा, दिसायला तशीच दिसते. हे सारे मला ठाऊक नव्हते असेही नाही. शिबिरांत नवशिक्यांना हेच मी तासभर समजावून सांगतो, ही त्यातली जास्त बोचणारी गोष्ट.

सकाळी चहा घेताना चालकांनी आपल्या फोनवरचे छायाचित्र दाखवले. वेळ ५:४३, माझ्या उभ्या फ्रेमचीच. त्यात पायांपासून माथ्यापर्यंत अखंड कमान आहे आणि तिच्याखाली कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके घातलेला मी आहे.

मांडणीकाराला सगळे सांगितले, तर आडव्या फ्रेममधली कमान उचलून उभ्या फ्रेमवर बसवून देतो म्हणाला, दहा मिनिटांचे काम आहे. मी नको म्हटले. त्यात तत्त्वापेक्षा हट्ट जास्त होता, हे कबूल करतो. शेवटी आडव्या फ्रेममधूनच उभा तुकडा कापला. पंचेचाळीस मेगापिक्सेलचे वीस उरले. छपाईला तेवढे पुरले, पण शीर्षकासाठी वर सोडायची मोकळी जागा त्या तुकड्यात नव्हती. मुखपृष्ठ छापून आले, त्यावर वर्षाचा आकडा ठळक पांढऱ्या अक्षरांत नेमका कमानीच्या माथ्यावर बसला आहे.