कलम १५५ आणि आमची कलमं

आमच्याकडे कलम म्हटलं की हापूसचं. समुद्राच्या अंगाला बाबांनी लावलेली बावीस कलमं, आणि सातबाऱ्यावर आजोबांपासून चालत आलेलं नाव. २०२५च्या मे महिन्यात पीककर्जासाठी ऑनलाइन सातबारा काढला, तर आमचं नाव कंसात गेलेलं, म्हणजे कमी केलेलं, आणि त्याखाली 'महाराष्ट्र शासन'.

तलाठ्याला विचारलं. "वरून ऑर्डर आहे." दाखवा म्हटलं, तर माहिती अधिकारात अर्ज करा. महिनाभराने तहसीलदाराच्या आदेशाची दीड पानाची प्रत हातात पडली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५: लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची, दुरुस्ती. कारण एका ओळीत: 'वरिष्ठ कार्यालयाच्या निर्देशानुसार'. नोटिशीचा उल्लेखच नाही. असणार कसा, नोटीस आलीच नव्हती.

गावात जो तो सांगे, प्रांताकडे अपील टाक. वकील मॅडमचं मत वेगळं पडलं. एरवी हायकोर्ट आधी अपील करून या म्हणतं. पण अधिकाऱ्याने नसलेला अधिकार वापरला असेल किंवा समोरच्याला ऐकूनच घेतलं नसेल, तर घटनेच्या कलम २२६ खाली थेट हायकोर्टात रिट याचिका करता येते. आमच्याकडे दोन्ही होतं. नशीब एवढंच की १८ ऑगस्ट २०२५पासून सिंधुदुर्गाला हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच मिळालं, नाहीतर प्रत्येक तारखेला मुंबई.

पहाटे निघून फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर. सोबत आई, आणि डब्यात घावणे. पहिल्या तारखेला आमचा नंबर लागलाच नाही. दुसऱ्या तारखेपर्यंत सरकारचं प्रतिज्ञापत्र आलं आणि माझे पाय गळाले. त्यात नवीनच कारण: जुन्या नकाशात हा तुकडा सरकारी दिसतो. मला वाटलं, खेळ खलास.

मॅडम मात्र खूश! त्यांनी १९५१चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे केला, पोलीस कमिशनर विरुद्ध गोरधनदास भानजी. अंधेरीत सिनेमा थिएटर बांधायची परवानगी कमिशनरांनी दिली आणि मग सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली. कोर्टाने म्हटलं, कायद्याने ज्याला अधिकार दिलाय त्याने स्वतः डोकं वापरून ठरवायचं. आणि आदेश वाचायचा तो त्यातल्या शब्दांवरून, अधिकारी मागाहून काय खुलासा करतो त्यावरून नव्हे. म्हणजे आमच्या आदेशात नसलेला नकाशा आता प्रतिज्ञापत्रातून घुसवता येणार नव्हता. सत्तर वर्षांपूर्वीचं ते थिएटर माझ्या आंब्यांच्या कामी आलं, याची गंमत मला अजून वाटते.

न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना एवढंच विचारलं, यात लेखनप्रमाद कुठला? नाव लिहिताना अक्षर चुकलं की क्षेत्राचा आकडा? उत्तर नव्हतं. जमीन कोणाची हा वादच कलम १५५ मध्ये बसत नाही, लिहिण्यातली चूक फक्त बसते, असं हायकोर्टाने यापूर्वीही अनेकदा सांगितलंय. आदेश रद्द. काही करायचंच असेल तर नोटीस देऊन, म्हणणं ऐकून, कायद्याप्रमाणे करा. दोन्ही बाजूंचे मुद्दे खुले.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "म्हणजे जमीन आपली असा, असा सांगल्यानी मां?"

नाही गं. ते काही बोललेच नाहीत त्याबद्दल. तहसीलदाराला असं करता येत नाही, एवढंच बोलले. तिला ते पटलं नाही. घाट उतरेपर्यंत गप्प होती.

निकालाची नक्कल घेऊन तलाठ्याकडे तीन हेलपाटे झाले, तेव्हा नाव कंसातून बाहेर आलं. गेल्या आठवड्यात नोटीस आली आहे, या वेळी रीतसर, पोस्टाने. त्यामुळे सध्या माळ्यावरच्या पेटीतून आजोबांच्या शेतसाऱ्याच्या पावत्या काढून उन्हात घालतोय. वरच्या काही वाळवीने खाल्ल्यात, खालच्या शाबूत आहेत.