अंगठीतला खडा तोच का?

निवृत्तीच्या पैशांतून मी आयुष्यात पहिल्यांदा हिरा घेतला. एकच खडा, ५१ सेंटचा, म्हणजे ०.५१ कॅरेटचा, पिवळ्या सोन्यात. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेव्हा सगळे पैसे जेमतेम १०२ मिलिग्रॅममध्ये. सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट: रंगाची प्रत एच, क्लॅरिटी म्हणजे स्वच्छपणाची प्रत व्हीएस२, मापं मिलिमीटरमध्ये.

घरी आल्यावर मी म्हटलं, बाहेर एकदा तपासून घेऊ. हे लगेच म्हणाले, "अगं, आईच्या पाटल्यांपासून आपण या सराफांकडेच जातोय. त्यांना कळलं तर कसं दिसेल? आणि रिपोर्ट आहे की!"

दोन दिवस मी गप्प होते. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. लॅबने केलेली प्रतवारी पुन्हा कुणाकडून करून घेण्यात मलाही अर्थ वाटत नव्हता. पण तो कागद एका हिऱ्याबद्दल बोलतो. माझ्या बोटातला हिरा तोच आहे, हे तो कागद सांगत नाही.

बँकेत असताना अकरा वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर होते. सराफ यायचे, कसोटीवर दागिना घासायचे, आम्लाचा थेंब सोडायचे आणि खड्यांचं वजन वजा करून नुसत्या सोन्याची किंमत लिहायचे. एकदा एक बाई सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या घेऊन आल्या होत्या. एकेका कुडीत सात खडे, आणि आमच्या कागदावर त्यांची किंमत शून्य. त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. सोन्याला हॉलमार्क आहे, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, आहे. हिऱ्यावर असा सरकारी शिक्का नसतो.

दुकानात पेनासारखं यंत्र टेकवून 'बीप' ऐकवतात, त्यावर विसंबू नका. ते उष्णता किती झटकन वाहून जाते एवढंच पाहतं. प्रयोगशाळेत वाढवलेला सीव्हीडी हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो, त्यामुळे तोही वाजतो. साध्या पेनावर मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, तोसुद्धा वाजतो. नैसर्गिक आणि लॅबमधल्या हिऱ्याच्या किमतीत आज जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणूनच मला झोप येईना.

मग कुणाकडे न्यायचं? दुसऱ्या सराफाकडे नाहीच. त्याला एक तर आपलं गिऱ्हाईक हवं असतं, नाहीतर खडा स्वस्तात हवा असतो. आमच्या ओळखीत एक जेमॉलॉजिस्ट, म्हणजे रत्नपारखी, बाई आहेत. त्या विकत नाहीत, घेत नाहीत, आणि फी ठरलेली घेतात, किमतीच्या टक्क्यांत नाही. टक्केवारीवाला किंमत फुगवणार, हे बँकेत बसून कळायला वेळ लागत नाही.

त्यांनी दहापट भिंगाखाली अंगठी फिरवली. रिपोर्टप्रमाणे हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने नंबर कोरलेला हवा. पहिले तीन आकडे दिसले, पुढचे खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या दाताखाली. "खडा सुटा केल्याशिवाय वजनही नीट कळणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि पिवळ्या सोन्यात रंगही फसवतो."

आता सराफांना सांगणं भाग होतं. मी सरळ फोन केला. क्षणभर ते थांबले, मग म्हणाले, "काकू, या. कारागीर तुमच्यासमोर खडा काढेल."

कारागिराने चिमट्याने चारही दात हळूहळू उचलले आणि हिरा पांढऱ्या कागदाच्या पुडीत ठेवला. ती पुडी मुठीत धरून मी परत बाईंकडे गेले. काट्यावर ०.५१ आलं. त्यांनी हिरा पालथा करून नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवला, मापं घेतली. मग मला भिंग दिलं. श्वास रोखून पाहिल्यावर गर्डलच्या धूसर पट्ट्यावर बारीक आकडे उमटले. मी एकेक मोठ्याने वाचत गेले आणि हे रिपोर्टवर बोट ठेवून जुळवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा ह्यांनीच मान हलवली.

संध्याकाळी खडा परत बसवताना कारागिराला एवढंच सांगितलं, "नंबर दाताखाली येऊ देऊ नका."