राउटरला जोडलेल्या डिस्कवर बॅकअप अर्धवट का राहत होता

माझ्या संगणकाचा रात्रीचा बॅकअप राउटरच्या यूएसबी पोर्टला जोडलेल्या एका लहान हार्ड डिस्कवर जातो. काही आठवडे तो पूर्णच होत नव्हता आणि सकाळी पडद्यावर ‘फाइल लिहिता आली नाही’ एवढाच संदेश दिसत असे. प्रथम माझा संशय वायफायवर गेला. म्हणून मी संगणक केबलने थेट राउटरला जोडला. त्यामुळे वेग वाढला, पण बॅकअप पुन्हा त्याच जागी थांबला. ‘त्याच जागी’ हाच खरा धागा होता आणि तो माझ्या उशिरा लक्षात आला. वायफाय किंवा वीजपुरवठा सदोष असेल, तर काम दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटते. ते नेमके एकाच ठिकाणी अडत असेल, तर दोष बहुधा एखाद्या फाइलमध्ये किंवा डिस्कच्या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीत असतो.

डिस्कवरची अर्धवट फाइल पाहिली, तर तिचा आकार ४ जीबीच्या अगदी जवळ पोहोचलेला होता. डिस्क फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. या पद्धतीत फाइलचा आकार नोंदवण्यासाठी ३२ बिटच असल्यामुळे कोणतीही एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, मग डिस्कवर शेकडो जीबी जागा रिकामी का असेना. माझा बॅकअप प्रोग्राम सगळा मजकूर एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधत होता, त्यामुळे तो तिथे अडणे अटळ होते. फॅट ३२ मध्ये फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवली जाते. त्यामुळे काही प्रोग्रामना न बदललेल्या फाइलही बदललेल्या वाटतात आणि ते रोज सर्व काही नव्याने उतरवत बसतात.

यावर दोन उपाय आहेत. प्रोग्राममध्ये सोय असल्यास बॅकअपचे दोन-दोन जीबीचे तुकडे करता येतात. नाहीतर डिस्क दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करावी लागते. माझ्या राउटरच्या माहितीपत्रकात एनटीएफएस या पद्धतीच्या डिस्कवर लिहिता येते असे स्पष्ट नमूद होते, म्हणून मी तीच निवडली. एक्सफॅट या आणखी एका पद्धतीलाही ४ जीबीची मर्यादा नाही, परंतु तिच्यात बदलांची आगाऊ नोंद ठेवणारी जर्नल नसते आणि वीज अचानक जाण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी मला ती उणीव मोठी वाटते. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचे सर्व काही पुसले जात असल्याने जुने बॅकअप मी आधी दुसरीकडे उतरवून घेतले.

त्यानंतर ४ जीबीचा अडथळा दूर झाला, पण आता बॅकअप कधी अर्ध्या तासाने, तर कधी दोन तासांनी तुटू लागला. राउटरच्या नोंदींमध्ये डिस्क निघाल्याच्या आणि लगेच पुन्हा जोडल्याच्या ओळी सापडल्या. यूएसबी २.० च्या पोर्टकडून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि ३.० कडून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. फिरत्या डिस्कला तबकडी सुरू होताना याहून अधिक लागू शकते. स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये जोडल्यावर हे तुटणे थांबले.

मात्र अशा अचानक तुटण्याने आणखी एक गोंधळ झाला होता. एनटीएफएस डिस्क नीट बंद न होता सुटली, तर तिच्यावर तशी खूण राहते आणि काही राउटर अशी डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडतात. त्यामुळे लिहिण्याची परवानगी नाही असा संदेश आला आणि मी पासवर्ड विनाकारण दोनदा बदलला. डिस्क थेट संगणकाला जोडून चेकडिस्क हा विंडोजमधील डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवल्यावर ती पूर्ववत झाली.

घरातील दुसऱ्या संगणकाला ती डिस्क दिसतच नव्हती, कारण राउटर नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत जाणत होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम याच पद्धतीतील त्रुटीचा आधार घेऊन पसरला होता आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर ती सहसा बसवलेली नसते. ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला अजिबात मान्य नाही. राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतील सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर एसएमबी २ चा पर्याय मिळाला. तो मिळाला नसता, तर मी या राउटरवर बॅकअप ठेवणेच सोडले असते.

ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात डिस्कचे अक्षर (जसे Z:) न देता नेटवर्कवरील संपूर्ण मार्ग द्यावा, कारण वापरकर्त्याने जोडलेले अक्षर त्या कामाला दिसेलच असे नाही.

हे सर्व झाल्यावर मी बॅकअपमधून छायाचित्रांचे एक फोल्डर वेगळ्या जागी परत काढले आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) मूळ फाइलशी ताडून पाहिला. एकही फरक आढळला नाही. तरीही विजेचा एक झटका राउटर, डिस्क आणि संगणक यांना एकदमच बसू शकतो, म्हणून त्या छायाचित्रांची आणखी एक प्रत आता कशालाही न जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवली आहे.